फ्रोडोचा पराभव

जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्स’ या अद्भुत महाकथेचा शेवटचा खंड १९५५ सालीं निघाला. त्यांत फ्रोडो दुष्ट सॉरॉनची अंगठी जाळण्यास अग्निपर्वताच्या मुखाशीं पोहोंचतो, आणि तेथेंच ती टाकण्याचें नाकारून बोटांत घालतो! ती पूर्वीं गमावलेला गॉलम झडप घालून त्याचें बोटच चावून तोडतो व अंगठीसह आगींत कोसळतो.

नायकच हरावा, हें कांहीं वाचकांस रुचलें नाहीं. ग्रंथकर्त्यानें पत्रोत्तरीं कळविलें कीं, त्या स्थळीं तो मोह आवरणें कोणासही शक्य नव्हतें. आम्हांसही प्रथम रागच आला होता. मग मागचीं पानें उलटलीं. हातीं सांपडलेल्या गॉलमला फ्रोडोनें दया येऊन जिवंत सोडलें होतें. स्वतः अंगठी वाहिल्यामुळें त्याचें दुःख त्यास कळलें होतें. त्या दिवशीं तलवार चालली असती, तर अंगठी फ्रोडोच्याच बोटांत राहिली असती.