सक्तीची लस आणि गरजेची लस

परदेशप्रवासापूर्वी कोणत्या लशी घ्याव्यात, या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात : नियम काय सांगतो आणि आपल्या जिवाला धोका कशाचा आहे?

केनिया किंवा युगांडाहून भारतात परतणाऱ्यास पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. लस टोचल्यावर १० दिवसांनी ते ग्राह्य ठरते आणि २०१६ पासून आयुष्यभर वैध मानले जाते. रोग देशात शिरू नये, हा या नियमाचा मुख्य हेतू होय.

रेबीजची लस मात्र सहसा कोणताही देश प्रवाशाकडे मागत नाही. म्हणून ती अनावश्यक ठरत नाही. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. आधी लस घेतलेल्यासही प्राणी चावल्यावर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवावी लागते आणि पुन्हा लस घ्यावी लागते. परंतु मात्रा कमी पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची गरज उरत नाही. दुर्गम भागात हे औषध मिळणे कठीण असते. म्हणून मुक्काम दीर्घ असेल, प्राण्यांशी संबंध येणार असेल, उपचारकेंद्र दूर असेल किंवा ओरखडा लपवणारी लहान मुले सोबत असतील, तर ही लस आधीच घेणे श्रेयस्कर. मोठ्या शहरातील चार दिवसांच्या परिषदेसाठी ती बहुधा लागणार नाही.

हा निर्णय प्रवासापूर्वी चार ते सहा आठवडे, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. सारांश, ‘सक्तीची’ आणि ‘गरजेची’ हे शब्द समानार्थी नाहीत.