पूर ओसरल्यावर घरातली माणसे सांभाळा

२२ जुलै २०२१. बकरी ईदचा दुसरा दिवस. वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणमध्ये शिरले, तळमजले बुडाले. खेडमध्ये जगबुडीही घरादारांत आली. आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडची कौले आणि पत्रे उडवले होते. रत्नागिरी जिल्ह्याला अशी संकटे नवी नाहीत.

घराच्या नुकसानीचा पंचनामा होतो. नंतरच्या पंधरा-वीस दिवसांत येणाऱ्या आजाराचा होत नाही. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला तोच जास्त महागात पडतो. कमावता माणूस आडवा झाला की चूल थंडावते.

पहिली काळजी पाण्याची. विहिरीत पुराचे पाणी गेले असेल तर ग्रामपंचायतीला सांगून टीसीएल पावडर टाकून घ्यावी. तोवर पाणी खळखळ उकळून प्यावे. सरपण भिजलेले असेल तर आशाताईंकडून क्लोरीनचे थेंब मागून घ्यावेत. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ते टाकावेत आणि अर्ध्या तासाने पाणी प्यावे. जुलाब लागले तर लगेच ओआरएस द्यावे. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे.

दुसरी काळजी चिखलाची. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पाण्यात, चिखलात येतात आणि पायाच्या साध्या चिरेतून शरीरात शिरतात. घरातला गाळ काढणारे आणि भातलावणी करणारे, दोघांनाही हा धोका आहे. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. काम संपताच पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. प्रत्येक घराला गमबूट परवडत नाहीत. पण मोहल्ल्याने किंवा जमातीने चार-पाच जोड घेऊन ठेवले तर पाळीपाळीने वापरता येतात. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारावे. गरोदर बाई असेल तर ते आधी सांगावे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ताप अंगावर काढणे. रोज बुडेल म्हणून पुरुष जात नाहीत, आणि घरचे आवरल्याशिवाय बायका उठत नाहीत. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि चिखलात काम केल्याचे आवर्जून सांगावे. लेप्टो वेळेवर ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो; उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर जातो. एका दिवसाचा रोज वाचवताना महिन्याची कमाई जाऊ नये. जीव तर त्याहून मोलाचा आहे.