साखर आणि म्हातारपणीचा विसर

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो तो २० टक्क्यांच्या आसपास, आणि तीही मुख्यतः रक्तातल्या साखरेतून. ही साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, विचार मंदावतो, विसर वाढतो. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले. मधुमेह त्यांतलाच एक.

साखर अचानक उतरणंही तितकंच घातक. जालना एमआयडीसीत ते ओळखणं आणखी अवघड, कारण सळईच्या कारखान्यात भट्टीजवळ घाम सगळ्यांनाच फुटतो. पण उतारवयातला कामगार घामाघूम होऊन थरथरू लागला, असंबद्ध बोलू लागला, रोजच्या कामात चुकू लागला, तर 'ऊन लागलं' म्हणून त्याला नुसतं सावलीत बसवू नका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, १५ मिनिटांनी साखर तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

रात्रपाळीत जेवणाची वेळ हुकते, मधुमेहाची गोळी मात्र घेतली जाते. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या म्हाताऱ्यांत साखर फार उतरवतात, म्हणून पाळी बदलली की डॉक्टरांना सांगायलाच हवं. मेटफॉर्मिन अनेक वर्षं चालू असेल तर बी-१२ ही तपासून घ्या; त्याच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो विसर बऱ्याचदा उपचाराने सुधारतो.