आजीच्या माळेतला रुपया

गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तिथे निघालेल्या एका आजीच्या गळ्यात आम्ही राणी छाप रुपयांची माळ पाहिली. “लग्नात माह्या मायनं देल्ली. मोडीन कशी?” आजी म्हणाली.

हा रुपया एक तोळ्याचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ साली तर रुपया निकेलचा झाला.

विलायतेतही पूर्वी नाण्याची एक बाजू घासून तिच्यावर नाव कोरीत आणि ते आवडत्या माणसाला देत. अशी नाणी लोक आज हौसेने जमवतात.

आपल्या घरात असा रुपया आहे का? असेल तर कोणी, कोणाला, कधी दिला, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. आता आपल्याला लिहिता येते. कागदावर लिहून रुपयाजवळ ठेवा. सोनार चांदी तोलील; माया कोण तोलणार?