विकला नाही, म्हणून तोटा नाही?

‘विकत नाही तोवर तोटा नाही.’ शेअर बाजारात पैसे घातलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. 500 रुपयांना घेतलेला शेअर 300 वर आलेला असतो आणि मुद्दल सुटलं की बाहेर पडायचं, असं त्याने ठरवलेलं असतं. पण तोटा आधीच झालेला आहे. आज विकला तर 300 रुपयेच मिळणार. खरेदीभावाचा आकडा फक्त त्याच्या डोक्यात आहे. कंपनीच्या धंद्याला त्याचं काही देणंघेणं नाही. हातात आज रोख 300 असते, तर हाच शेअर घेतला असता का? खरा प्रश्न एवढाच.

तरी माणूस अडून का बसतो? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं, की आपण नफा-तोटा एका ठरावीक बिंदूपासून मोजतो. तोट्याची बोच तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा जास्त, त्यांच्या पुढच्या अंदाजानुसार दुपटीहून थोडी अधिक. ती टाळण्यासाठी माणूस एरवी घेणार नाही असा धोका पत्करतो.

यालाच आपण धीर म्हणतो, आणि मला हा समज सर्वांत घातक वाटतो. टेरन्स ओडीन यांनी एका अमेरिकी ब्रोकरकडच्या 10,000 खात्यांचे 1987 ते 1993 मधले व्यवहार तपासले. नफ्यातले शेअर विकण्याचं प्रमाण 14.8 टक्के निघालं, तोट्यातले विकण्याचं 9.8. आणि विकून टाकलेल्या नफ्यातल्या शेअर्सनी पुढच्या वर्षभरात, धरून ठेवलेल्या पडक्या शेअर्सपेक्षा सरासरी 3.4 टक्के बिंदूंनी जास्त परतावा दिला. कंपनीवर विश्वास असेल तर थांबणं योग्यच. नुसत्या खरेदीभावासाठी थांबणं वेगळं.

शिकलेली माणसं यात सापडत नाहीत, असंही नाही. 1982 च्या एका अभ्यासात डॉक्टरांना फुप्फुसाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया की रेडिएशन, असं विचारलं. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात 90 टक्के जगतात, असं सांगितल्यावर 84 टक्के डॉक्टरांनी शस्त्रक्रिया निवडली. 10 टक्के दगावतात, असं सांगितल्यावर 50 टक्क्यांनीच.

ठेच लागली की माणूस सुधारतो, हाही भरवसा नको. सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, एकूण 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर. लागोपाठ दोन वर्षं तोट्यात गेलेल्यांपैकी 75 टक्क्यांहून अधिक जण तरीही खेळत राहिले. सगळं खापर मनावर फोडता येणार नाही, व्यवहारांचा खर्चही मोठा असतो. पण थांबता न येणं मनाचंच.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. शेअर विकून झालेला भांडवली तोटा भांडवली नफ्यातून वजा करता येतो. दीर्घ मुदतीचा तोटा मात्र दीर्घ मुदतीच्याच नफ्यातून. रिटर्न वेळेत भरलं असेल, तर उरलेला तोटा पुढची 8 वर्षं ओढता येतो. न विकलेल्या शेअरवर ही सवलत मिळत नाही.