सिंहाच्या गावात यमूची आठवण

माघ वद्य नवमी आली की आमच्या पोलादपूरकडची पावलं उमरठला वळतात. तानाजी मालुसऱ्यांचं हे गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेताना ते पडले. त्यांची नि शेलारमामांची समाधी इथेच आहे. परवा मी तिथे डोकं टेकवत होते, तर शेजारी एक आई लेकीला रायबाच्या लग्नाची गोष्ट रंगवून सांगत होती. किती बरं वाटलं!

ही गोष्ट आधी पोवाड्यांनी जपली, मग हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने घरोघरी नेली. १९३३ मध्ये व्ही. शांतारामांनी तिच्यावर ‘सिंहगड’ हा बोलपटही काढला.

पण मैत्रिणींनो, हरिभाऊंची ही एकच बाजू. फ्रान्समध्ये एमिल झोला १८७१ ते १८९३ या काळात एकाच घराण्याच्या गोष्टी वीस कादंबऱ्यांतून सांगत होते. त्याच सुमारास पुण्यात हरिभाऊंनीही कादंबऱ्यांच्या दोन माळा गुंफायला घेतल्या. एक इतिहासाची, दुसरी ‘आजकालच्या गोष्टीं’ची. या दुसऱ्या माळेतली ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून येऊ लागली.

तिच्यात यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. लहानपणी लग्न, सासरचा जाच. नवरा मात्र भला, तिला लिहावाचायला शिकवणारा. तो जातो आणि घरचेच तिचं जबरदस्तीने केशवपन करतात. इथे ना तलवार, ना तट. लढाई माजघरातलीच, आणि ती यमू हरते.

ते वाचताना मला आजीची आत्या आठवते. लाल आलवणातली, कायम चुलीच्या आडोशाला. तिला कुणी कधी विचारलंच नाही, ‘आत्याबाई, तुम्हाला काय वाटतं?’

आता आलवण गेलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पण आपल्या दारी? यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंना मी बोलावलं नाही. ‘त्यांनाच अवघडल्यासारखं होईल’ अशी स्वतःची समजूत घातली. समाधीपुढे उभी असताना तेच टोचत राहिलं.

गड घ्यायला सिंह लागतो. काकूंच्या दारापर्यंत जायला चार पावलं पुरतात. पुढच्या संक्रांतीचं पहिलं वाण मी त्यांनाच देणार आहे. आणि तुम्ही?