कोनोडोंट : दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म आणि त्यांच्या वर्णनाची भाषा

समुद्राच्या तळाशी तयार झालेल्या प्राचीन चुनखडकांत कधीकधी दातांसारखे दिसणारे अतिशय बारीक अवशेष सापडतात. त्यांतले बहुतेक दोन मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. त्यांना कोनोडोंट म्हणतात. शब्द ग्रीक वळणाचा आहे. अर्थ ‘शंकूसारखा दात’. त्यातला ‘ओडोंट’ आणि आपला ‘दंत’ हे एकाच प्राचीन मुळातून आलेले शब्द. हे अवशेष ज्या प्राण्यांचे, ते सुमारे ५० कोटी ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घ काळात समुद्रात राहत होते. पुढे ते नामशेष झाले. ख्रिश्चन पँडर यांनी १८५६ मध्ये या अवशेषांचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले आणि ते माशांचे दात मानले. प्रत्यक्ष प्राणी मात्र त्यानंतर सव्वाशे वर्षे कोणी पाहिला नव्हता. न पाहिलेल्या प्राण्याच्या अवयवाचे वर्णन कोणत्या शब्दांत करायचे, हा या अभ्यासातला मूळ प्रश्न आहे.

कोनोडोंट कॅल्शियम फॉस्फेटचे बनलेले असतात. चुनखडक सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळतो, फॉस्फेट टिकून राहते. म्हणून खडकाचे तुकडे आम्लात ठेवतात, उरलेला गाळ बारीक चाळणीतून धुतात, वाळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक अवशेष वेचतात.

ओळखीची सुरुवात आकारापासून होते. ढोबळ प्रकार तीन : एकच सुळा असलेले शंकूसारखे, दांड्यावर सुळ्यांची रांग असलेले फणीसारखे, आणि पाते किंवा रुंद चौथरा असलेले. मुख्य सुळा कोठे आहे, त्याच्या शेजारच्या दंतिका किती व कशा आहेत, तळाचा खळगा केवढा आहे, पृष्ठभागावर रेघा आहेत की उंचवटे, हे नोंदवावे लागते. रंगही नोंदवतात. खडक जितका तापला असेल तितका अवशेष फिकट पिवळ्यापासून तपकिरी आणि मग काळा होत जातो. त्याहून अधिक उष्णतेने तो करडा, पांढराही पडतो. १९७७ मध्ये या रंगबदलाची मोजपट्टी प्रसिद्ध झाली. एखाद्या प्रदेशातले खडक खनिज तेल तयार होण्याइतके तापले होते की त्याहून जास्त, हे तिच्यावरून अजमावता येते.

आरंभी प्रत्येक वेगळ्या आकाराला वेगळ्या जातीचे नाव मिळाले. १९३४ मध्ये जर्मनीत श्मिट यांनी आणि अमेरिकेत स्कॉट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निरनिराळ्या आकारांचे अवशेष एकाच संचात मांडलेले असल्याचे दाखवले. पुष्कळ जातींत अशा संचात १५ घटक असतात. म्हणजे एकाच प्राण्याच्या तोंडातल्या भागांना अनेक जातींची नावे दिली गेली होती. पूर्ण संच हाच जातीचा आधार मानण्याची रीत १९६० च्या दशकात रुळू लागली. त्यातले सर्वांत जुने ग्राह्य नाव संपूर्ण प्राण्याला लागू होते.

ब्रिग्ज, क्लार्कसन आणि ऑल्ड्रिज यांनी १९८३ मध्ये एडिंबरोजवळच्या ग्रँटन येथील प्राण्याचे वर्णन केले. तो सुमारे चार सेंटिमीटर लांब, ईलसारखा होता. दातांचा संच डोक्याकडच्या भागात होता. पुढे मिळालेल्या नमुन्यांवरून डोळे आणि पृष्ठरज्जूही ओळखता आले. तेव्हा शब्दांची अडचण उघड झाली. सुटे अवशेष पाहून अभ्यासकांनी ‘पुढची’ आणि ‘मागची’ बाजू संकेताने ठरवली होती. पात्यासारख्या घटकांत ‘पुढची’ म्हटलेली बाजू वास्तविक प्राण्याच्या पोटाकडे होती आणि ‘मागची’ म्हटलेली पाठीकडे. २००० मध्ये पर्नेल, डोनह्यू आणि ऑल्ड्रिज यांनी शरीररचनेला धरून दिशांची नवी नावे सुचवली. जुने वर्णन वाचताना आता ‘पुढे’ म्हणजे संकेतातले की शरीरातले, हे तपासावे लागते.

‘दात’ या शब्दाचेही तसेच. काही घटकांवर अन्न चावताना झालेल्या झिजेच्या खुणा आहेत; कामाने ते दातच होते. परंतु २०१३ च्या एका संशोधनानुसार आपल्या दातांशी असलेले त्यांचे साम्य स्वतंत्रपणे उद्भवले. काम सारखे, वंशपरंपरा वेगळी.

ही काटेकोर ओळख खडकांचे वय ठरवण्यासाठी लागते. चीनमधील मेशान येथे ‘हिंडिओडस पार्व्हस’ हा कोनोडोंट ज्या थरात प्रथम दिसतो, तेथून ट्रायासिक कालखंडाचा आरंभ मानला जातो. हा काळ सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा. भारतात काश्मीर आणि स्पिती येथील सागरी थरांचा असाच अभ्यास झाला आहे. सह्याद्रीच्या काळ्या खडकात मात्र कोनोडोंट शोधण्यात अर्थ नाही. तो लाव्हारसाचा, आणि हे प्राणी संपल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी थिजलेला.

मराठीत अशा विषयाची परिभाषा घडवताना हा इतिहास ध्यानात ठेवावा. सुळा, दंतिका, खळगा हे शब्द डोळ्यांना दिसते तेवढेच सांगतात, म्हणून ते टिकतील. पुढे, मागे, वर, खाली हे शब्द वापरताना ते कोणत्या आधारावर ठरवले, हे त्याच ठिकाणी लिहिणे आवश्यक आहे.